सही करण्याआधी: मनोरंजन क्षेत्रातला वकील कसा निवडायचा आणि पहिल्या भेटीला काय तयारी करून जायचं

कथा, चाल, पटकथा, आवाज, अभिनय, यांतलं काहीही विकायची वेळ आली की समोरून एक मसुदा येतो, आणि तो बहुतेक वेळा घाईतच येतो. "उद्यापर्यंत सही करून पाठवा, पुढचं सगळं अडलंय." मसुदा हातात पडल्यापासून त्यावर सही होईपर्यंत जे थोडे दिवस असतात, त्या दिवसांत वकिलाचा सर्वांत जास्त उपयोग होतो. सही झाल्यानंतर तेच वकील काय गेलं आणि ते परत मिळवायला किती वर्षं व किती पैसे लागतील, एवढंच सांगू शकतात.

हा लेख त्या थोड्या दिवसांसाठी आहे. वकील कितीही निष्णात असले तरी तुमच्या कामाची हकीकत त्यांना तुमच्याकडूनच कळणार. म्हणून योग्य वकील शोधण्याइतकीच मेहनत मी पहिल्या भेटीच्या तयारीवर घ्यायला सांगेन, आणि खाली सर्वांत जास्त जागाही तिलाच दिली आहे.

वकील नेमका कधी लागतो

ज्या करारात तुम्ही हक्क कायमचा देऊन टाकता, दुसऱ्याला वापरायची परवानगी देता किंवा स्वतःला काही वर्षांसाठी बांधून घेता, तो प्रत्येक करार वकिलाला दाखवावा. म्युझिक लेबलचा करार, पुस्तकावरून चित्रपट किंवा मालिका करण्याचा करार, मॅनेजर किंवा एजन्सीशी होणारा करार, वेब मालिकेच्या लेखनाचा करार, हे सगळे यात येतात. एका संध्याकाळचा कार्यक्रम, ठरलेलं मानधन आणि रेकॉर्डिंग होणार नाही, एवढंच असेल तर दोन ओळींचा ईमेल पुरतो.

सर्वांत दुर्लक्षित असतो तो मित्रामित्रांमधला करार. तिघांनी मिळून गाणं केलं, शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, संयोजन तिसऱ्याचं. गाणं चालेपर्यंत कुणीच काही लिहून ठेवत नाही आणि चाललं की तिघांच्याही आठवणी वेगवेगळ्या निघतात. काम संपलं त्याच आठवड्यात कुणाचा किती टक्के वाटा हे कागदावर आलं, तर पुढची भांडणं टळतात. यासाठी वकिलाचा फार वेळही लागत नाही.

वकील, एजंट आणि मॅनेजर यांची गल्लत करू नका. एजंट काम मिळवून देतो, मॅनेजर तुमचं वेळापत्रक आणि कारकीर्द सांभाळतो. वकील करार वाचतात, बदल सुचवतात, तुमच्या वतीने बोलणी करतात आणि वाद झाला तर बाजू मांडतात. एकाच माणसाने तिन्ही भूमिका घेतल्या असतील, तर तो सल्ला देताना स्वतःच्या कमिशनचाही विचार करत नसेल ना, हे आधी तपासा.

कोणत्या प्रकारचा वकील

"मनोरंजन क्षेत्रातला वकील" या नावाखाली निदान दोन वेगळे व्यवसाय आहेत. काही वकील मुख्यतः करार करतात: मसुदे, वाटाघाटी, हक्कांची साखळी (काम मूळ कुणाचं आणि हक्क कुणाकडून कुणाकडे गेले) तपासणं. काही कोर्टात लढतात: कथाचोरी, थकलेलं मानधन, बदनामी, प्रदर्शनावर स्थगिती. तुमच्या हातात मसुदा असेल तर पहिल्या प्रकारचे वकील शोधा. नोटीस आली असेल किंवा पाठवायची असेल तर दुसऱ्या प्रकारचे.

त्यातही माध्यमाचा अनुभव विचारावा. संगीताच्या करारांत शब्द-चालीचे हक्क आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे चालतात. चित्रपटात ऑप्शनचा (ठरावीक मुदतीत हक्क विकत घेण्याच्या राखीव संधीचा) काळ, श्रेयनामावली आणि नफ्याची व्याख्या महत्त्वाची ठरते. पुस्तकात आवृत्त्या, अनुवाद आणि रूपांतर. मालमत्तेचे किंवा कौटुंबिक दावे उत्तम चालवणारे ओळखीचे वकील या बाबतीत पुरे पडतीलच असं नाही. या धंद्याची रूढ पद्धत कुठे संपते आणि पिळवणूक कुठे सुरू होते, हे अशा शेकडो करारांमधून गेलेल्या माणसालाच पटकन दिसतं.

करार कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे हेही पाहा. कॉपीराइट निर्मितीबरोबर आपोआप मिळतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही, हे १८८६ च्या बर्न करारातून पुढे आलेलं तत्त्व बहुतेक देश मानतात. त्यापुढे मात्र फरक सुरू होतात. जर्मनीत लेखकाला जिवंतपणी आपला कॉपीराइट विकताच येत नाही, फक्त वापराचे हक्क देता येतात. अमेरिकेत तो विकता येतो, पण १९७८ पासून लेखकाने स्वतः दिलेले हक्क ३५ वर्षांनंतर ठरावीक मुदतीत नोटीस देऊन परत घेण्याची सोय आहे. "वर्क फॉर हायर" म्हणून, म्हणजे कायद्याने सुरुवातीपासून काम देणाऱ्याच्याच मालकीचं धरलेल्या कामाला, ती लागू होत नाही. म्हणून परदेशी कंपनीच्या करारात हे तीन शब्द दिसले की थांबा आणि वकिलाला विचारा.

शोध कुठे घ्यायचा

सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे तुमच्याच क्षेत्रातले, तुमच्यापेक्षा चार पावलं पुढे असलेले लोक. "तुझा करार कुणी पाहिला?" एवढंच न विचारता "बोलणी अडली तेव्हा ते कसे वागले, फोन कोण उचलायचं, बिल सांगितल्याइतकंच आलं का?" हेही विचारा. लेखक, गीतकार, कलावंत यांच्या संघटनांकडे बहुधा असे वकील माहीत असतात, काही संघटना सभासदांना प्राथमिक सल्लाही देतात.

जाहिरातीवरून वकील निवडू नका. भारतात तर बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करून काम मिळवण्याची मनाईच आहे, त्यामुळे चांगल्या वकिलाचं नाव बहुतेकदा तोंडोतोंडीच कळतं. नाव कळलं की त्यांची सनद चालू आहे का, हे संबंधित बार कौन्सिलकडे किंवा त्या देशातल्या अशाच संस्थेकडे तपासता येतं.

एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. निर्माता किंवा कंपनी "आमचे वकील तुम्हाला सगळं समजावून सांगतील" म्हणाली, तर ऐकून घ्या, आभार माना, पण त्यावर सही करू नका. ते त्यांचे वकील आहेत, त्यांचं कर्तव्य त्यांच्या अशिलाशी आहे. हे क्षेत्र लहान असल्यामुळे तुम्ही निवडलेले वकील त्याच निर्मात्याचं दुसरं काम पाहत असण्याचीही शक्यता असते. हितसंबंधांचा हा प्रश्न पहिल्याच फोनवर निकालात काढायचा असतो.

पहिला फोन

पहिला फोन पाच-सात मिनिटांचा असावा. समोरच्या पक्षाचं आणि सहनिर्मात्यांचं नाव सांगा, म्हणजे हितसंबंध आड येतात का ते वकिलांना पाहता येईल. व्यवहार कशाचा आहे ते दोन वाक्यांत सांगा. सहीची मुदत सांगा. पहिल्या भेटीची फी किती, ती पुढच्या कामात वळती होते का, ते विचारा. वकिलांनी होकार देण्याआधी पटकथा, गुपितं किंवा पूर्ण कागदपत्रं पाठवू नका. उद्या तेच वकील दुसऱ्या बाजूचे निघाले तर दोघांचीही अडचण होते.

फीबद्दल मोकळेपणाने बोला

कलावंत पैशांबद्दल बोलायला संकोचतात आणि वकिलांच्या केबिनमध्ये तर अधिकच. तिथे संकोच महागात पडतो. फीचे प्रकार साधारण असे: तासावर, ठरावीक कामाची ठोक रक्कम, दरमहा रिटेनर (वकील उपलब्ध राहावेत म्हणून दर महिन्याला द्यायची ठरलेली रक्कम) आणि उत्पन्नाचा टक्का. अमेरिकेत अनेक वकील कलावंताच्या करारातून सुमारे ५ टक्के घेतात. भारतात खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला किंवा त्यातून मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला वकिलांना मनाई आहे.

एका कराराचं काम असेल तर मी ठोक रकमेच्या बाजूने आहे, कारण मग फोन करताना घड्याळाकडे पाहावं लागत नाही. पण ठोक म्हणजे काय काय, ते लिहून घ्या. मसुदा एकदा वाचून टिपण देणं, की वाटाघाटीच्या दोन फेऱ्या, की सहीपर्यंत सगळं? कर, प्रवास, मुद्रांक हे वेगळे का? काम मध्येच थांबलं तर किती द्यायचं? कनिष्ठ वकील काम करणार असतील तर त्यांचा दर काय?

तयारी: भेटीआधीचं तुमचं काम

सर्वांत आधी एक पानी घटनाक्रम लिहा. तारीख, काय झालं, कोण हजर होतं, काय ठरलं. मतं आणि राग त्यात नको. "मार्चमध्ये फोनवर कथा ऐकवली, एप्रिलमध्ये ईमेलने गोषवारा पाठवला, जूनमध्ये मानधनाचा पहिला हप्ता आला" अशा कोरड्या ओळी हव्यात. तोंडी सांगताना अर्धा तास जातो, तेच वकील दोन मिनिटांत वाचतात आणि उरलेला वेळ सल्ल्याला मिळतो.

दुसरं, हक्कांची साखळी. तुम्ही जे विकताय ते पूर्णपणे तुमचं आहे का? हा प्रश्न साधा वाटतो, पण वकील सर्वांत जास्त वेळ यातच घालवतात. पुढचे मुद्दे स्वतःला विचारून उत्तरं कागदावर उतरवा.

काम करताना तुम्ही कुठे नोकरीला होतात का? भारतासह अनेक देशांत नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. त्या नोकरीचा करार शोधून काढा. सोबत आणखी कुणी लिहिलं, वाजवलं, सुचवलं का? त्यांच्याशी काही लेखी आहे का? मूळ कल्पना कुणाच्या आयुष्यावर, बातमीवर, पुस्तकावर आधारलेली आहे का? गाण्यात जुन्या गाण्याचा तुकडा, नमुना किंवा इंटरनेटवरून घेतलेला बीट आहे का? त्या बीटच्या परवान्याची प्रत काढा. याच कामाबद्दल पूर्वी कुणाला ऑप्शन दिलं होतं का, आणि त्याची मुदत संपली का? लेखनात किंवा संगीतात कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन वापरलं असेल तर कुठे आणि किती, हेही लिहा. काही देशांत मानवी निर्मिती नसलेल्या भागाला संरक्षण मिळत नाही, आणि करारात "हे सर्व माझंच मूळ काम आहे" अशी हमी तुम्हाला द्यावी लागणार असते.

तिसरं, पुरावे. मूळ फाइल्स, कच्चे खर्डे, रेकॉर्डिंगची सेशन्स, हस्तलिखितं, ईमेल हे सगळं मूळ रूपात जपा. फाइल नव्या नावाने पुन्हा साठवली की तारखा बदलू शकतात, म्हणून प्रत काढून त्या प्रतीवर काम करा. चॅटचे निवडक स्क्रीनशॉट पुरत नाहीत, संपूर्ण संवाद एक्स्पोर्ट करून ठेवा. आपल्याला गैरसोयीचे वाटणारे मेसेज पुसून टाकू नका. ते समोरच्याकडे असणारच, आणि तुम्ही पुसले हेच तुमच्या विरोधात जाईल. स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टाने पाकीट पाठवून ते बंद ठेवण्याचा उपाय बरेच जण अजून सांगतात, त्याच्या भरवशावर राहू नका. लेखक संघटनेकडची नोंद किंवा कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी असेल तर तिची प्रत घ्या. अमेरिकेत तिथल्या कामांवरून दावा लावायचा तर आधी नोंदणी लागते, त्यामुळे व्यवहार तिकडचा असेल तर हा विषय भेटीत काढाच.

कल्पना आणि तिची मांडणी यातला फरकही भेटीआधी समजून घ्या. कॉपीराइट मांडणीला मिळतो, नुसत्या कल्पनेला मिळत नाही. "दोन जुळ्या भावांची अदलाबदल" ही कल्पना कुणीही वापरू शकतो. तुम्ही लिहिलेले प्रसंग, संवाद, पात्रांची घडण यावर तुमचा हक्क असतो. कथाचोरीची तक्रार असेल तर दोन्ही कामांतली साम्यं समोरासमोर दोन रकान्यांत मांडून न्या. विषय सारखा आहे असं म्हणून भागत नाही, प्रसंगाला प्रसंग दाखवावा लागतो.

चौथं, मसुदा स्वतः वाचा. कळला नाही तरी पूर्ण वाचा. जिथे अडलात तिथे खूण, जिथे भीती वाटली तिथे प्रश्नचिन्ह, आणि तोंडी ठरलेलं पण मसुद्यात नसलेलं सगळं शेवटी एका यादीत. ही यादी फार मोलाची असते, कारण अनेक मसुद्यांच्या शेवटी "यापूर्वीची सर्व बोलणी या कराराने रद्द होतात" असं कलम असतं. तोंडी आश्वासनं त्या एका ओळीत संपतात.

पाचवं, तुम्हाला काय हवंय ते ठरवा. एका कागदावर तीन भाग करा: हे नसेल तर करार नको, हे मिळालं तर बरं, हे सोडायला तयार आहे. श्रेय पहिल्या भागात जातं की रक्कम, हे तुमच्याशिवाय कुणी ठरवू शकत नाही. पहिलंच काम मिळवू पाहणाऱ्या लेखकाने पैशांत नमतं घेऊन श्रेय आणि पुढच्या भागांवरचा हक्क धरून ठेवणं शहाणपणाचं ठरू शकतं. घर चालवण्यासाठी लिहिणाऱ्याने हप्त्यांच्या तारखा घट्ट कराव्यात.

आणि अवघड गोष्टी लपवू नका. आधी कुठे सही केली असेल, इसाराची रक्कम घेऊन बसला असाल, चाल कुठून तरी उचललेली असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. वकिलावर गोपनीयतेचं बंधन असतं. समोरच्या वकिलाच्या नोटिशीतून ही गोष्ट पहिल्यांदा कळली, तर तुमच्या वकिलांना करता येण्यासारखं फार थोडं उरतं.

भेटीत कोणत्या कलमांवर बोलायचं

वेळ मर्यादित असतो, म्हणून सगळी कलमं चाळण्यापेक्षा मोजक्यांवर थांबा.

हक्क किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि कोणत्या माध्यमांसाठी? "संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज माहीत असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत" हे शब्द छापील मसुद्यांत सर्रास असतात. भारतीय कायद्यात याला काही मर्यादा आहेत. हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेला लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, तो परत येतो. असं वेगळं बहुतेक मसुद्यांत लिहिलेलंच असतं, आणि तेच काढून टाकण्याचा आग्रह वकिलाने धरायचा असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा समान वाटा सोडून देता येत नाही. मसुद्यात तो सोडायला लावला असेल तर वकिलांना दाखवा.

नफ्यातला वाटा देऊ केला असेल तर नफ्याची व्याख्या मागा. आर्ट बुकवाल्ड या लेखकाने पॅरामाउंट स्टुडिओवर केलेला दावा यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९८८ चा 'कमिंग टू अमेरिका' हा चित्रपट त्याच्या गोषवाऱ्यावर आधारलेला असल्याचं १९९० मध्ये न्यायालयाने मान्य केलं. चित्रपट तुफान चालला होता, तरी स्टुडिओच्या हिशेबाप्रमाणे वाटण्याजोगा निव्वळ नफा काहीच उरत नव्हता. पुढे न्यायालयाने ती हिशेबाची पद्धतच अन्याय्य ठरवली. पण तिथवर पोचायला वर्षं गेली. निव्वळ नफ्याच्या टक्क्यांपेक्षा ठरलेली रक्कम, ठरलेल्या टप्प्यावरचा बोनस किंवा एकूण जमेवरचा लहान टक्का बरा, असं माझं मत आहे. टक्का घ्यायचाच असेल तर सोबत हिशेब तपासण्याचा हक्क हवा.

श्रेय कुठे, किती मोठं आणि जाहिरातीत असेल का? कामात तोडमोड झाली तर नाव काढून घेता येईल का? लेखकाच्या नैतिक हक्कांना (आपलं नाव लागण्याचा आणि कामाची तोडमोड रोखण्याचा हक्क) भारतात आणि फ्रान्समध्ये भक्कम संरक्षण आहे, ब्रिटनमध्ये ते लेखी सोडून देता येतात.

नुकसानभरपाईचं कलम बहुतेक जण वाचतच नाहीत. कुणी दावा लावला तर खर्च कुणाचा, यावर मर्यादा मागा, निदान मिळालेल्या मानधनाइतकी. मॅनेजरच्या करारात कमिशन करार संपल्यावरही किती काळ चालू राहतं ते पाहा. आवाज आणि चेहऱ्याची कृत्रिम प्रतिकृती बनवण्याची परवानगी आता मानधनाच्या साध्या करारातही शिरते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अभिनेत्यांच्या संपातला हा एक मोठा मुद्दा होता. स्वतंत्र संमती आणि स्वतंत्र मोबदला याशिवाय ते कलम मान्य करू नये.

वकिलांबद्दलचे प्रश्नही इथेच विचारून घ्या. असे करार अलीकडे पाहिले का, काम प्रत्यक्ष कोण करणार, उत्तर साधारण किती दिवसांत मिळेल, समोरच्याने बदल नाकारले तर तुम्ही काय सुचवाल? चांगले वकील तुम्हाला आधी प्रश्न विचारतात, कलम साध्या भाषेत उलगडतात आणि "या मुद्द्यावर ताणू नका, मिळणार नाही" हेही सांगतात. जिंकण्याची खात्री देणारे, समोरच्याला शिव्या घालून तुम्हाला बरं वाटायला लावणारे किंवा तिथल्या तिथे मोठी रक्कम भरायला सांगणारे वकील असतील, तर उठा आणि दुसरे शोधा. पहिल्या भेटीने तुम्ही कुणाशी बांधले जात नाही.

भेटीनंतर

त्याच दिवशी काय समजलं, कोण काय करणार आणि कधीपर्यंत, हे ईमेलने वकिलांना पाठवा. काम द्यायचं ठरलं तर कामाची व्याप्ती आणि फी यांचं पत्र दोघांच्या सहीने करा. वकीलपत्र कोर्टात बाजू मांडण्यासाठी असतं, करार तपासण्याच्या कामाला हे वेगळं पत्र हवं.

दरम्यान समोरच्या पक्षाला उत्तराविना ताटकळत ठेवू नका, आणि मोघम होकारही देऊ नका. ईमेलवरचं "चालेल, पुढे जाऊ" हेसुद्धा मान्यता म्हणून वाचलं जाऊ शकतं. एवढं लिहा: "मसुदा मिळाला, धन्यवाद. माझे वकील तो पाहत आहेत, येत्या अमुक तारखेपर्यंत आमच्या सूचना कळवतो. तोपर्यंत कोणतीही अट मान्य केली आहे असं समजू नये." प्रामाणिक निर्माता यावर नाराज होत नाही, त्याच्या बाजूलाही वकील आहेतच.

सही झाली की दोन्ही पक्षांच्या सह्यांची संपूर्ण प्रत, सर्व परिशिष्टांसह, मागून घ्या. मग त्यातल्या तारखा कॅलेंडरमध्ये टाका: हप्त्यांच्या, ऑप्शन संपण्याची, हिशेब मागण्याची, हक्क परत येण्याची. शेवटच्या तारखेच्या दोन महिने आधीची आठवणही लावा, कारण हक्क परत घेण्याची नोटीस बहुधा मुदतीच्या आत द्यावी लागते.